चिनी ‘चार’ची कुळकथा

आपल्या विद्यालयातून शिकून गेलेले कित्येक विद्यार्थी नोकरी-व्यवसायानिमित्त आज सिंगापूर, हाँगकाँग, सोल, टोकियो येथे जाऊन येतात. परतल्यावर भेटीला आले की त्यांच्याकडून आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : तिकडच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याचे बटण का नसते? कोरियात तर त्या जागी ‘एफ’ हे रोमन अक्षर असते. जपानमधील काही रुग्णालयांत चार क्रमांकाची खोलीच नसते. इतिहासाच्या शिक्षकाने या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देऊन मोकळे व्हावे, असे आम्हाला वाटत नाही. कारण या एका अंकाक्षराच्या पोटात आशियाचा आणि विशेषतः बौद्ध जगाचा मोठा इतिहास दडलेला आहे.

एका वाक्यातले उत्तर असे की, तेथे ‘चार’ आणि ‘मरण’ हे दोन शब्द कानाला सारखे लागतात. चीनच्या प्रमाणभाषेत दोन्हींचा उच्चार ‘सि’. फरक केवळ स्वराच्या चढउताराचा. जपानीत दोन्ही ‘शी’, कोरियनमध्ये दोन्ही ‘सा’. जपानी माणूस म्हणूनच पुष्कळदा ‘शी’ टाळून ‘योन’ हा अस्सल जपानी शब्द वापरतो. मात्र एप्रिल महिन्याला तो ‘शीगात्सु’, म्हणजे चौथा महिना, असेच बिनदिक्कत म्हणतो. भीतीलाही सोयीनुसार सुटी असते!

ही भीती संख्येत नसून केवळ नादात आहे, याचा चांगला पुरावा थायलंडमध्ये मिळतो. थाई भाषेने अंकांची नावे फार पूर्वी चिनीच्या कुळातूनच उचलली. तेथेही चाराला ‘सी’ म्हणतात. पण थाई भाषेत मरणाला ‘ताय’ हा अगदी निराळा शब्द असल्याने थाई माणसाला चौथ्या मजल्याचे काहीच वाटत नाही. शब्द तोच, भीती गायब! २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये असा एक दावा प्रसिद्ध झाला होता की, अमेरिकेतील चिनी व जपानी वंशाच्या लोकांत महिन्याच्या चार तारखेला हृदयविकाराचे मृत्यू अधिक होतात. इतर संशोधकांनी आकडेवारी पुन्हा तपासून त्यावर गंभीर आक्षेप घेतले. आपल्या मुलुंड-घाटकोपरच्या काही उंच इमारतींत तेरावा मजला ‘बारा-अ’ होतो, ती याच जातीची गोष्ट. फक्त ती भीती पश्चिमेकडून आयात केलेली.

आता अक्षराच्या आकाराकडे वळू. चीनमध्ये सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वी हाडांवर व कासवाच्या कवचांवर कोरलेले लेख सापडले आहेत. त्यांत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा, तीन म्हणजे तीन आणि चार म्हणजे एकाखाली एक चार रेघा. पुढे चार रेघा घाईत वाचताना घोटाळा होऊ लागला असावा. त्यांची जागा हळूहळू एका वेगळ्याच आकृतीने घेतली : चौकट आणि तिच्या आत दोन पाय. ही आकृती मुळात नाकातोंडातून बाहेर पडणाऱ्या श्वासाची असून केवळ उच्चारसाम्यामुळे ती अंकासाठी उसनी घेतली, असे काही लिपितज्ज्ञ मानतात.

आपल्या लेण्यांतही हीच कथा थोड्या फरकाने दिसते, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांना नवल वाटते. ब्राह्मी लेखांतही एक, दोन, तीन या आडव्या रेघाच आहेत. त्यावरून कोणी कोणाचे उसने घेतले असे सिद्ध होत नाही. रेघा मोजणे माणसाला कोठेही सुचते. चारावर आले की ब्राह्मीनेही रेघा सोडल्या. कालसी येथील अशोकाच्या तेराव्या शिलालेखात चार यवन राजांचा उल्लेख करताना शब्दापुढे अंकही कोरला आहे, आणि तो बेरजेच्या चिन्हासारखा आहे. आपला देवनागरी ४ त्याचाच वंशज. (सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे तेवढे मिळाले, तेरावा मिळता, तर हा अंक आपल्याला बोरिवलीहून लोकलने गाठता आला असता.)

नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखाचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. नहपान क्षत्रपाच्या या जावयाने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली आणि तिच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत अशी तजवीज केली. लेखातील वर्ष ४२ आहे. ते लिहिताना चाळीसचे एक स्वतंत्र चिन्ह आणि त्यापुढे दोनाच्या रेघा कोरल्या आहेत. शून्यावर आधारलेली आपली आजची पद्धत तेव्हा या लेखांत नव्हती. चिनी लेखक हेच ‘चार-दहा-दोन’ असे तीन अक्षरांत लिहितो. योगायोग असा की, चीनमध्ये सर्वांत आधी भाषांतरित झाले असे परंपरा सांगते ते बौद्ध सूत्र ‘बेचाळीस प्रकरणांचे सूत्र’ होय. परंपरेने दिलेल्या इ.स. ६७ या सालाविषयी विद्वानांना शंका आहे. पण सूत्राच्या चिनी नावाचे पहिलेच अक्षर ‘चार’ आहे, यात शंका नाही.

धम्माबरोबर हे अक्षर दूरवर गेले. चार आर्यसत्यांना चिनीत ‘सि-ति’, जपानीत ‘शी-ताइ’ म्हणतात आणि थाईमध्ये ‘अरियसत सी’. लिफ्टमध्ये जो नाद नको असतो, तोच विहारात आदराने उच्चारला जातो. जपानीत हालअपेष्टांना ‘शीकु हाक्कु’, म्हणजे ‘चार दुःखे, आठ दुःखे’, असा रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार आहे. जन्म, जरा, व्याधी, मरण ही त्यांतली पहिली चार होत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत ही आर्यसत्ये मूळ उपदेशाचा भाग आहेत काय, असा प्रश्न उपस्थित केला, हे आपण जाणतोच. तो प्रश्न बाजूला न सारता हा इतिहास वाचावा, असे आमचे मत आहे.

व्यवहारातील एक गंमत ओझरती सांगतो. रेघा वाढवून रक्कम बदलता येऊ नये म्हणून चिनी धनादेशावर चाराचे एक गुंतागुंतीचे वेगळे अक्षर लिहितात. आपण ‘अक्षरी रुपये’ लिहितो, तसेच ते.

मराठीला चाराचे वावडे नाही. चार पैसे, चार घास, चारचौघे, दोनाचे चार हात, सगळे कसे जिव्हाळ्याचे! आपल्या समाजाला एका ‘चार’ने खरोखर छळले, ते चातुर्वर्ण्याने, आणि चिनी अक्षराच्या कथेतला सर्वांत मोलाचा भाग नेमका येथेच येतो. पाली उदानात तथागतांची एक उपमा आहे. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या नद्या समुद्रास मिळाल्यावर आपली नावे टाकतात, तसे चारी वर्णांचे लोक संघात आल्यावर आपले पूर्वीचे नाव-गोत्र टाकतात. ‘एकोत्तरागम’ या ग्रंथाच्या चिनी भाषांतरात नद्याही चारच झाल्या आणि कुळेही चार. चौकटीचे ते अक्षर तेथे दोन्ही ठिकाणी आले.

त्या काळी चिनी भिक्खू आपापल्या गुरूचे आडनाव लावत. गुरू भारतीय असेल तर एक, पार्थियाचा असेल तर दुसरे. चौथ्या शतकातील ताओ-आन या भिक्खूने ही चाल मोडली आणि सर्वांनी शाक्यमुनींचे ‘शि’, म्हणजे शाक्य, हे एकच नाव घ्यावे असे ठरवले. पुढे एकोत्तरागम चिनीत आला आणि त्यात चार कुळांचे लोक शाक्य म्हणवतात हेच वचन निघाले, तेव्हा ही रीत कायमची रूढ झाली. तेच अक्षर जपानीत ‘शाकु’, कोरियनमध्ये ‘सोक’ आणि व्हिएतनामीत ‘थिक’ असे वाचतात. २०२२ साली निवर्तलेले व्हिएतनामी भदंत थिक न्हात हान्ह यांच्या नावातील पहिला शब्द त्यांच्या घराण्याचा नव्हता, तो हाच होय.