नाबाद सेकंदांचा हिशेब

खो-खोच्या बातमीचा शेवटचा परिच्छेद मराठी वाचकाला नवा नाही. सामना कोणी किती गुणांनी मारला हे सांगून झालं की नावांपुढे कंसांची रांग लागते. ‘२.१० मि. संरक्षण’, ‘१.५० मि. नाबाद व ३ गुण’. क्रिकेटचा धावफलक वाचावा तसा जाणकार तो कंस वाचतो आणि ‘पोरगा पळतो चांगला’ असं म्हणून पान उलटतो. निवड समितीपुढेही बहुतेक वेळा हाच कंस असतो. त्यातल्या आकड्यावरून खेळाडू कितपत कळतो, हा खरं तर संख्याशास्त्राचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर आपण समजतो तेवढं सोपं नाही.

हा प्रश्न आता निकडीचा होण्यामागे कारण आहे. ‘अल्टिमेट खो खो’ ही व्यावसायिक लीग २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात बालेवाडीला सुरू झाली आणि तिचे सहा संघ ड्राफ्टमधून उभे राहिले. खेळाडूंच्या चार श्रेण्या होत्या. सर्वांत वरच्या श्रेणीला पाच लाख, नंतर तीन लाख, दीड लाख आणि शेवटच्या श्रेणीला एक लाख. म्हणजे खेळाडूला कोणत्या खणात टाकलं यावर त्याच्या मानधनात पाचपट फरक. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते: पुण्याचा प्रतीक वाईकर आणि मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली प्रियांका इंगळे. लातूरला लागून असलेल्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१६ च्या गुवाहाटी दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार. मराठवाड्याच्या या पट्ट्यात खो-खो नवा नाही आणि गुणवत्तेचाही दुष्काळ नाही.

नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयीन खेळाडूची वाट ठरलेली आहे. आधी महाविद्यालयाचा संघ, मग नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विद्यापीठाचा संघ आणि पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली अशा चार जिल्ह्यांतून बारा-पंधरा जण निवडायचे, तेही थोड्या दिवसांच्या खेळावरून. बाद करणाऱ्याचं काम निदान मोजता येतं, त्याने किती गडी टिपले ते कागदावर असतं. संरक्षकाचं काम म्हणजे काहीतरी घडू न देणं. न घडलेली गोष्ट मोजायची कशी?

आधी तो ‘नाबाद’ शब्द घेऊ. समजा दोन मुलं आहेत. पहिला चार पाळ्यांत १.४०, २.२०, १.१० नाबाद आणि २.५० मिनिटं पळला. दुसरा २.१०, २.००, २.२० आणि २.१० मिनिटं, चारही वेळा बाद. सरळ सरासरी काढली तर पहिल्याची दोन मिनिटं आणि दुसऱ्याची दोन मिनिटं दहा सेकंद. दुसरा पुढे. पण पहिल्याची १.१० मिनिटांची खेळी कोणी संपवली नव्हती, डावाची वेळ संपली होती. घड्याळ थांबलं नसतं तर तो आणखी किती टिकला असता हे माहीत नाही. एवढंच माहीत आहे की किमान सत्तर सेकंद तो कुणाच्या हाती लागला नाही. संख्याशास्त्रात अशा अर्ध्यावर तुटलेल्या माहितीसाठी वेगळी हाताळणी असते. सोपी रीत क्रिकेटवाल्यांना ठाऊक आहे: एकूण वेळ भागिले बाद झाल्याचे प्रसंग. पहिला आठ मिनिटांत तीनदा बाद, म्हणजे एका बादमागे २.४० मिनिटं. दुसरा ८.४० मिनिटांत चारदा, म्हणजे २.१० मिनिटं. क्रम उलटला. आकडे तेच, प्रश्न फक्त नीट विचारला.

या गणिताचा मोठा भाऊ १९५८ सालचा आहे. अमेरिकेत एडवर्ड कॅप्लन समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती काळ चालतात हे पाहत होते आणि पॉल मायर कर्करोगाचे रुग्ण उपचारानंतर किती काळ जगतात ते. दोघांची अडचण एकच होती. अभ्यास संपला तेव्हा काही ट्यूब चालूच होत्या आणि काही रुग्ण जिवंत होते. त्यांना हिशेबातून वगळलं तर उत्तर चुकतं, अभ्यासाच्या शेवटच्या दिवशी ‘संपले’ असं धरलं तरी चुकतं. दोघांनी मिळून काढलेली रीत आज जगभरच्या औषध चाचण्यांत वापरतात. ‘नाबाद’ संरक्षक या रीतीत चपखल बसतो. तिच्यात प्रत्येक क्षणी ‘इथवर टिकलेल्यांपैकी किती जण आता बाद झाले’ असं विचारत पुढे जायचं असतं. त्यामुळे कोणता खेळाडू पहिल्या मिनिटात पडतो आणि कोणता दोन मिनिटांनंतर दमून पडतो, हेही वेगळं दिसतं.

ही दुरुस्ती केली तरी दुसरी अडचण राहते, आणि मला ती जास्त मोठी वाटते. स्पर्धेत चार-पाच सामने होतात, त्यांत संरक्षक जेमतेम नऊ-दहा वेळा पळतो. बाद होण्याचा धोका दर सेकंदाला सारखा आहे असं ढोबळ गृहीत धरलं, तर नऊ वेळा बाद झालेल्या खेळाडूच्या सरासरीत एकतृतीयांश इतकी प्रमाणत्रुटी असते. दोन मिनिटांची सरासरी म्हणजे खरं मूल्य १.२० ते २.४० च्या दरम्यान कुठेही असू शकतं, आणि त्याच्याही बाहेर असण्याची शक्यता तीनात एक. २.१० वाला १.५० वाल्यापेक्षा चांगला, असं त्या कागदाच्या जोरावर म्हणताच येत नाही. लातूर पॅटर्नच्या गावात एकेका गुणावरून पोरांचे क्रमांक लागतात आणि पालकांना ते पटतंही, कारण तिथे प्रश्नपत्रिका लांबलचक असते. इथे पेपरच नऊ प्रश्नांचा आहे.

तिसरी गोष्ट मैदानावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. संरक्षक तिघांच्या तुकडीने आत येतात. आक्रमक एका वेळी एकाच्या मागे असतो. उरलेले दोघे तेवढा वेळ पाटीच्या दुसऱ्या टोकाला कमरेवर हात ठेवून श्वास घेत असतात आणि त्यांचं घड्याळ चालूच असतं. तुकडीतल्या शेवटी बाद होणाऱ्याच्या कंसात सोबत्यांनी पळून काढलेला वेळही जमा होतो. शिवाय तिसरी तुकडी डावाच्या शेवटी येते, तोवर आक्रमक दमलेले असतात आणि मैदानही उखडलेलं असतं. कधी प्रतिस्पर्धी एखाद्याला इतका कठीण मानतात की आधी इतर दोघांना टिपतात. तो सगळ्यात चांगला, पण गुणपत्रकावर त्याचा वेळ आणि सोबत्यांमुळे फुगलेला वेळ सारखाच दिसतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हीच डोकेदुखी आहे. तिथे बचावफळीच्या मागच्या बाजूला खेळणाऱ्या कॉर्नरबॅकला प्रतिस्पर्ध्याच्या झेल घेणाऱ्याला चिकटून पळावं लागतं. तो फारच चांगला असेल तर त्याच्या बाजूला चेंडूच फेकत नाहीत, मग त्याच्या नावावर आकडे जमायचे कुठून? महाविद्यालयांतून येणाऱ्या अशा मुलांना ड्राफ्टआधी एकत्र बोलावून चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर पळवतात आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ मोजतात. फ्रँक कुझमिट्स आणि आर्थर अ‍ॅडम्स यांनी २००८ मध्ये अशा चाचण्यांची पुढच्या कामगिरीशी तुलना केली. त्यांनी पाहिलेल्या जागा आक्रमणातल्या तीन होत्या, बचावातल्या नव्हेत. त्यांतही चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकच्या धावेखेरीज कशाचाच सातत्याने संबंध लागला नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी ड्राफ्टचाच हिशेब मांडला. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्यानंतर निवडलेल्यापेक्षा चांगला निघण्याचं प्रमाण ५२ टक्के निघालं. नाणं उडवलं तर ५०. कोट्यवधी डॉलर, चित्रफितींचे ढीग आणि पगारी पारखी हाताशी असूनही फायदा एवढाच.

तेव्हा आपल्याकडे चाचणीला शंभर मीटर पळवून संरक्षक निवडत असतील तर हसू यायला हवं. खो-खोत सरळ कोण पळतं? संरक्षकाचं कसब वळण्यात आहे, आणि वळणाचं भौतिकशास्त्र सोपं आहे. वळणाची किमान त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि घर्षण वाढलं की कमी होते. मोकळ्या मातीवर घर्षणांक ०.६ धरू. सेकंदाला सहा मीटर वेगाने पळणाऱ्याला वळायला सहा मीटरहून जास्त त्रिज्या लागेल. वेग चारवर आणला तर २.७ मीटर पुरतात. मॅटवर चांगल्या बुटांनी घर्षणांक ०.९ मिळाला तर त्याच वेगाला १.८ मीटर. आता बसलेल्या दोन खेळाडूंमधलं अंतर पाहा, ते साधारण २.३० मीटर असतं. मातीवर ज्या वेगाने त्या फटीतून गोल वळून निघता येत नाही, त्याच वेगाने मॅटवर येतं. (आकडे नमुन्याचे आहेत, पण दिशा खरी आहे.) मातीवर खेळलेला मुलगा म्हणूनच आधी वेग मारायला शिकतो. दोन छोटी पावलं, गुडघे वाकलेले, कंबर खाली, आणि मग हूल.

आमच्याकडच्या मैदानाची गंमत वेगळीच. खाली काळी रेगूर, वर मुरमाचा थर, सकाळी पाणी मारून रोलर फिरवलेला, चुन्याच्या फक्कीच्या रेषा ताज्या. दुपारच्या तिसऱ्या सामन्यापर्यंत खांबाभोवती पावलांनी घासून वाटीसारखा खळगा पडतो आणि त्यात सुटा भुगा साचतो. चांगला संरक्षक त्या वेळी खांबापासून वीतभर लांबून वळतो. हा शहाणपणा कुठल्याच रकान्यात लिहिला जात नाही. मॅटवर गेल्यावर त्याचा उपयोगही उरत नाही, उलट वेग आधीच मारायची सवय मोडावी लागते. मातीवरच्या वेळेवरून मॅटवरचा खेळाडू ओळखायचा तर एवढं अंतर मनात धरावं लागेल.

पायांआधी डोळे. नुसती उजेडाची खूण पाहून बटण दाबायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो आणि पर्याय वाढले की आणखी. बसलेल्या खेळाडूला ‘खो’ मिळाल्यावर तो कुठे वळतो हे पाहून मग निघालं तर उशीर झालेला असतो. मात्र आक्रमकाला नियमाची बेडी आहे. एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही आणि मध्यपाटी ओलांडता येत नाही. संरक्षकाला दोन्ही मोकळं. म्हणून मुरलेला संरक्षक आक्रमकाचे खांदे आणि कंबर वाचून त्याने दिशा घेण्याआधीच निघालेला असतो. हे मोजता येतं. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस अ‍ॅबरनेथी यांनी १९८० च्या दशकात बॅडमिंटनपटूंना फटक्याची चित्रफीत रॅकेट शटलला लागण्याआधीच तोडून दाखवली आणि शटल कुठे पडेल ते विचारलं. तज्ज्ञांना आधीच्या हालचालीवरून कळत होतं, नवख्यांना फार कमी. २००६ मध्ये रॉबिन जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी रग्बीत हुलकावणीचा असाच प्रयोग केला, तेव्हा अनुभवी खेळाडू हुलीला कमी फसले. ही चाचणी करायला प्रयोगशाळा लागत नाही. फोनवर घेतलेल्या वीस-तीस चित्रफिती, ‘खो’च्या क्षणी थांबवलेल्या, आणि एक वही पुरते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हे सहज करता येईल.

वहीत आणखी एक रकाना मी आवर्जून घालेन: खेळाडूला टिपायला किती ‘खो’ खर्ची पडले. मिनिटं सोबत्यांमुळे फुगतात, पण प्रत्यक्ष त्याच्यामागे लागलेले ‘खो’ फुगत नाहीत. तो कसा बाद झाला हेही पाहावं. लीगच्या पहिल्या हंगामात साध्या स्पर्शाला दोन गुण होते आणि हवेतून किंवा खांबावर सूर मारून टिपलं तर तीन. खांबावरच पुन्हा पुन्हा सापडणारा मुलगा आणि बसलेल्यांमधून नागमोडी पळण्याची साखळी बदलताना फसणारा मुलगा यांचं दुखणं वेगळं, त्यावरचा इलाजही वेगळा. दोघांच्या कंसात मात्र तीच दोन मिनिटं.

हे सगळं केलं तरी एक कोडं शिल्लक राहतं. लीगमध्ये ‘वझीर’ असतो. तो आक्रमक असूनही कोणत्याही दिशेला पळू शकतो, आणि पॉवरप्लेमध्ये असे दोन वझीर मिळतात. म्हणजे संरक्षकाला लहानपणापासून ज्या बेडीचा आधार होता तीच काढून घेतलेली. महाविद्यालयीन खो-खोत वझीर नसतो. नांदेड-लातूरच्या मुलाने कितीही वर्षं कितीही मिनिटं पळून काढली असली, तरी मागे फिरू शकणाऱ्या आक्रमकापुढे तो काय करतो याची एकही नोंद त्याच्या कागदांवर नसते. ती हवी असेल तर निवड चाचणीत एखाद्या आक्रमकाला दिशेचा नियम माफ करून त्या मुलाच्या मागे सोडावं लागेल.