पितळी पातेले, कल्हई आणि बालकांचे यकृत

वार्षिक अहवालात जमाखर्च, खाटांची संख्या व शस्त्रक्रियांची आकडेवारी यांना अग्रक्रम असतो, आणि तो योग्यच आहे. तथापि यंदा स्वयंपाकघरातील भांड्यांविषयी चार शब्द लिहावेत, असे प्रयोजन घडले. तांब्या-पितळेची भांडी पुन्हा घरोघरी येऊ लागली आहेत. काही हितचिंतकांनी रुग्णालयाच्या स्वयंपाकगृहासाठी पितळी पातेली देऊ केली, तर बालरुग्ण विभागात घरून येणारे दूध क्वचित पितळी लोटीतून येते. या भांड्यांशी आपल्या महाराष्ट्राचा एक दुःखद इतिहास निगडित आहे आणि तो आजच्या तरुण माता-पित्यांना बहुधा ठाऊक नाही.

विसाव्या शतकात आपल्या देशात लहान मुलांना होणारा यकृताचा एक दुर्धर विकार सर्वपरिचित होता. वैद्यकात त्यास 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' म्हणतात. प्रामुख्याने एक ते तीन वर्षांचे मूल चिडचिडे होई, पोट फुगे, यकृत वाढून हाताला घट्ट लागे, पुढे कावीळ होई आणि बहुतेक मुले दगावत. एकाच घरातील दोन-तीन भावंडे अशी गेल्याची उदाहरणे होती. घराण्याला दोष लागला, असे समजून कुटुंबे मुकाट्याने दुःख गिळीत.

या मुलांच्या यकृतात तांब्याचा अतोनात साठा आढळत असे. तो येतो कोठून, याचा शोध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने घेतला. त्यांचा निबंध १९८३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या बालकांना लवकर वरचे दूध सुरू केले आणि ते दूध पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवले, त्यांच्याकडे संशयाची सुई वळली. दुधातील केसीन नावाचे प्रथिन तांबे धरून ठेवते. मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळाची ही शक्ती अपुरी असते. अशा भांड्यातले दूध पिणारे प्रत्येक बालक आजारी पडत नसे, म्हणून आनुवंशिक कारणाचाही हात असावा, असे तज्ज्ञ मानतात. परंतु भांडी बदलली, घरोघर स्टील आले आणि हा विकार झपाट्याने दुर्मीळ झाला. रोग लवकर ओळखल्यास शरीरातील तांबे काढून टाकणाऱ्या पेनिसिलामाइन या औषधाने मुले वाचू लागली, हे श्रेयही या वैद्यांकडे जाते. वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्याने मला एवढेच वाटते की, इतक्या अल्प खर्चात इतके जीव वाचल्याचे दुसरे उदाहरण जमाखर्चाच्या वहीत सापडणे कठीण.

आपल्या आजीबाईंना रसायनशास्त्र अवगत नव्हते, परंतु कल्हई उडाली की ताक, आमटी कळकते, हे त्या जाणत. कल्हई म्हणजे तापविलेल्या भांड्यास नवसागराने स्वच्छ करून आतून दिलेला कथलाचा पातळ लेप. हा लेप घासून झिजतो, म्हणून कल्हईवाला वर्षातून एक-दोनदा दारी येई. तो गेला, भांडी मात्र परत आली. कल्हई न केलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातील अन्न खाण्यास अयोग्य समजावे, अशी तरतूद २०११ सालच्या अन्नसुरक्षा विनियमांतही होती. कल्हई करवून घेताना कथील शुद्ध असल्याची खात्री करावी. त्यात शिसे मिसळलेले असल्यास आजारापेक्षा उपचार भयंकर ठरेल.

शिशाचे भय अन्यत्रही आहे. २०२५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ व हिंदालियमच्या भांड्यांतून शिसे अन्नात उतरू शकते, असा इशारा दिला. त्यांत भारतात बनलेली भांडीही होती. म्हणून वजनावर मिळणारी निनावी भांडी स्वस्त पडली तरी टाळावीत. चिंच, टोमॅटो, ताक यांचे पदार्थ ॲल्युमिनियममध्ये शिजवून तसेच ठेवू नयेत. नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नये. २६० अंश सेल्सिअसच्या वर त्याचा लेप विघटित होऊ लागतो. लोखंडी कढई निर्धोक आहे, फक्त आंबट भाजी त्यात काळी पडते.

रुग्णालयाच्या स्वयंपाकगृहात सर्व अन्न स्टीलच्या भांड्यांत शिजते व वाढले जाते. देऊ केलेल्या पितळी पातेल्यांबाबत संबंधित देणगीदारांशी बोलणे झाले असून त्यांच्या संमतीने त्या रकमेतून बालरुग्ण विभागासाठी झाकणाची स्टीलची दुधाची भांडी घेण्यात येतील. बालकांच्या नातेवाइकांनी दूध स्टीलच्या डब्यातूनच आणावे. डबा नसल्यास विभागातील परिचारिकेकडे मागावा, तो विनामूल्य मिळेल.