हिवात गाडी सुरू करताना

आज बचतीचा विषय नाही आणि कर्जाचाही नाही. आज आपल्या पडवीत उभ्या असलेल्या मोटरसायकलीविषयी बोलायचं आहे.

गेल्या पौषातली गोष्ट. आमच्या गटातल्या एकीचं दोन वर्षांचं पोरगं पहाटे धापा टाकायला लागलं. वाडीतले बाप्ये नारायणगावच्या बाजूला मजुरीला गेलेले. मुक्कामाची एसटी निघायला अजून दीड तास. गाडी मात्र घरात होती, चावी खुंटीला होती आणि टाकीत पेट्रोलही होतं. मला स्कूटी येते, लायसन आहे, म्हणून मला हाक मारली. मी चोक ओढला, एक्सिलेटर पिळला आणि किक मारत सुटले. पंधरा-वीस मिनिटं मारल्या. घामाने भिजले, पेट्रोलचा वास सुटला, पण गाडी काही बोलेना. शेवटी खालच्या वाडीतली जीप आली आणि पोर दवाखान्यात पोचलं. पोर आज छान आहे, अंगणात धावतंय. पण ती पंधरा मिनिटं माझ्या डोक्यातून गेली नाहीत.

नंतर जुन्नरला एका मेकॅनिकला विचारलं. तो हसून म्हणाला, "ताई, गाडीत काही बिघाड नव्हता. तुम्ही तिला पेट्रोलमध्ये बुडवली." मग त्याच्याकडेच बसून सगळं समजून घेतलं. तेच आज सांगते.

हिवात गाडी का अडते? पहिलं कारण पेट्रोलचं. इंजिनात पातळ पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते. थंडीत धुणं लवकर वाळत नाही ना? तसंच पेट्रोलही लवकर उडत नाही, वाफ कमी होते. दुसरं कारण ऑईलचं. खोबरेलाची बाटली थंडीत थिजते, तसं इंजिनातलं ऑईल अगदी थिजत नाही, पण दाट होतं आणि आतले भाग जड फिरतात. तिसरं बॅटरीचं. थंडीत तिची ताकद उतरते, आणि नेमकं त्याच वेळी तिला जड इंजिन फिरवायचं असतं. म्हणून बटन दाबलं की नुसतं 'कट कट' होतं.

आता चोक म्हणजे काय ते बघा. चोक ओढला की इंजिनात जाणारी हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. पेट्रोल जास्त, म्हणून थोडी का होईना पुरेशी वाफ होते. म्हणजे चोक ओढल्यावर एक्सिलेटर पिळायचाच नाही. मी नेमकी तिथेच चुकले. चोक पूर्ण ओढायचा, एक्सिलेटर सोडून द्यायचा आणि किक मारायची. इंजिन धरलं की अर्ध्या-एक मिनिटात चोक हळूहळू आत ढकलायचा. तो तसाच राहिला तर काळा धूर येतो, गाडी गचके खाते आणि पेट्रोल फुकट जातं.

सगळ्याच गाड्यांना चोक नसतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. इंजिन किती गार आहे हे ती गाडी स्वतः ओळखते आणि पेट्रोल वाढवते. तिथे चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद थांबा. पेट्रोलच्या पंपाचा बारीक घूं आवाज येतो, तो थांबला की बटन दाबा. इथेही एक्सिलेटर पिळू नका.

बटन एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही. मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबायचं, म्हणजे बॅटरी दम खाते. दोन-तीनदा झालं नाही आणि गाडीला किक असेल, तर सरळ किकवर या. हेडलाईटचं बटन असेल तर ते आधी बंद करा.

किक मारायला ताकद लागते, बाईमाणसाचं काम नाही, असं म्हणतात. मला ते पटत नाही. ताकदीपेक्षा वजन कामी येतं. गाडी डबल स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रलला आहे ना बघा. क्लच दोन-चारदा पूर्ण दाबून सोडा, कारण रात्रभर गार ऑईलमध्ये क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. डाव्या पायाने फूटरेस्टवर उभं राहा. उजव्या पायाने किक हळू दाबा, एका जागी ती घट्ट लागेल. तिथून थोडी पुढे सरकवून किक वर येऊ द्या, मग सगळं अंग टाकून एकदम खाली. पायात घसरती चप्पल नको, बूट हवा. साडीचा काठ वर खोचा. किक उलटली तर नडगी सोलून निघते, हा अनुभवही मी घेतला आहे.

आणि पेट्रोलचा वास आला तर? म्हणजे गाडी बुडाली, प्लग ओला झाला. तेव्हा आणखी किका मारून उपयोग नाही. चोक बंद करा, पेट्रोलचा कॉक बंद करा, एक्सिलेटर पूर्ण पिळून धरा आणि पाच-सहा किका मारा. जादा पेट्रोल हवेबरोबर बाहेर जातं. तरी झालं नाही तर प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसायचा आणि थोडा वेळ उघड्यावर ठेवायचा. प्लगचा पान्हा गाडीच्या टूलकिटमध्ये असतो. बहुतेक घरांत ते किट हरवलेलं असतं, आज घरी जाऊन बघा.

दोन गोष्टी मात्र कधीही करायच्या नाहीत. कुणी इंजिनाखाली कागद पेटवतात, कुणी उकळतं पाणी ओततात. पेट्रोलच्या टाकीखाली जाळ करणं म्हणजे घर पेटवणं. आणि दार लावलेल्या पडवीत किंवा गोठ्यात गाडी चालू ठेवायची नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, आणि त्याने माणूस जागेवर जातो. गाडी बाहेर काढा, मगच सुरू करा. सुरू झाल्यावर एक मिनिट पुरे. दहा-दहा मिनिटं गुरगुरत ठेवायची गरज नाही, पहिले दोन किलोमीटर सावकाश चालवलं की ती आपोआप तापते.

आता रस्ता. घाटघर ते जुन्नर तीसेक किलोमीटर. पहाटे दहिवराने डांबर ओलं असतं, टायर गार असतात, त्यामुळे पकड कमी. थंडीत टायरमधली हवाही बसते. ती गाडी चालवण्याआधी मोजावी, कारण जुन्नरला पोचेपर्यंत टायर तापून आकडा वाढलेला दिसतो. निघताना अंगणातच दोन्ही ब्रेक एक-दोनदा हलके दाबून बघा. चावंडच्या पुढे माणिकडोहच्या पाण्यावरून धुकं रस्त्यावर सरकतं. तिथे दिवा खालचा ठेवा. वरचा दिवा धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. बिबट्याची धास्ती असतेच. मी एकटी अंधारात निघत नाही, आणि निघालेच तर मध्येच ओढ्याजवळ थांबत नाही.

वारा फार लागतो. ओढणीची, स्कार्फची टोकं जॅकेटच्या आत, पदर कमरेला घट्ट. मागच्या चाकाची साडीची जाळी कुणी काढून टाकली असेल तर परत बसवून घ्या. मागच्या चाकाला असं अर्धं तरी झाकण असलंच पाहिजे, हा मोटार वाहन नियम १२३ आहे. जाड कानटोपीवर हेल्मेट घातलं तर ते डोक्यावर डुलतं, त्यापेक्षा पातळ सुती रुमाल बांधा. काच धुकटली तर बोटभर वर करा. छातीला जॅकेटच्या आत वर्तमानपत्र घातलं तर वारा आत शिरत नाही. हे मला सासऱ्यांनी शिकवलं. बोटं बधिर झाली तर थांबायचंच. बधिर बोटांना ब्रेक कळत नाही. हात काखेत घालून दोन मिनिटं उभं राहा. सायलेन्सरवर हात शेकू नका.

लायसनबद्दल एवढंच. माझं लायसन विनागिअरचं होतं, त्यावर मोटरसायकल चालत नाही. त्या पहाटे गाडी सुरू झाली असती तरी कायद्याने मी चुकीचीच होते. या पावसाळ्यात गिअरचं शिकाऊ लायसन काढलं, दिवाळीआधी पक्कं झालं. मिस्टरांनी पहिल्यांदा मागे बसून डोळे मिटले होते, आता मिटत नाहीत.

ज्यांच्या घरी चोकवाली गाडी आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला ती शाळेच्या पटांगणावर आणायला सांगा. सकाळी सातला, गाडी गार असतानाच. प्लगचा पान्हा मी आणते, फडकं तुम्ही आणा.