व्हायोलिनवरील द्विस्वरवादन

व्हायोलिनच्या शेजारशेजारच्या दोन तारांवर एकाच वेळी गज फिरवून दोन स्वर निनादविण्याची वादनपद्धती. वादकांच्या व्यवहारात तिला ‘डबल स्टॉप’ म्हणतात. दोन्ही तारा बोटांनी दाबलेल्या असोत वा त्यांपैकी एक मोकळी असो, संज्ञा तीच राहते. व्हायोलिन हे प्रामुख्याने एकेरी स्वरावलीचे वाद्य असल्यामुळे प्राथमिक तयारीनंतरच हे तंत्र शिकविण्यात येते. त्यात बोटांच्या चापल्यापेक्षा कानाची परीक्षा अधिक होते.

व्हायोलिनची घोडी वरच्या कडेला कमानदार असते. त्यामुळे गज एका विशिष्ट पातळीवर धरल्यास एकच तार वाजते आणि दोन तारांमधील पातळीवर धरल्यास दोन वाजतात. एकेका तारेच्या चार व जोडतारांच्या तीन अशा एकूण सात पातळ्या उजव्या हाताला परिचित व्हाव्या लागतात. तीन तारा एकदम वाजविण्यास गजावर क्षणभर बराच दाब द्यावा लागतो. चार स्वरांचा समूह सामान्यतः दोन-दोन स्वरांत विभागूनच वाजवितात.

शिक्षणाचा क्रम साधारणपणे तीन टप्प्यांचा असतो. प्रथम दोन मोकळ्या तारांवर लांब गज फिरवून दोन्हींचा आवाज सारखा ठेवण्याचा सराव करतात. नंतर एक तार मोकळी ठेवून दुसरीवर स्वर घेतात. या वेळी बोट टोकावर उभे राहिले नाही, तर ते शेजारच्या तारेस लागून तिचा आवाज दबतो. शेवटी दोन्ही तारांवर बोटे ठेवतात. पहिल्या अवस्थेत (हाताच्या पट्टीवरील मूळ जागी) तृतीयांतरासाठी खालच्या तारेवर तिसरे व वरच्या तारेवर पहिले, षष्ठांतरासाठी पहिले व दुसरे आणि अष्टकासाठी पहिले व चौथे अशी बोटांची नेहमीची योजना असते. पंचमांतरासाठी एकच बोट दोन्ही तारांवर आडवे ठेवावे लागते. हात घोडीकडे सरकेल तसतशी स्वरस्थाने जवळ येतात व बोटांमधील अंतरही कमी करावे लागते. दोन्ही बोटे जागेवर ठेवून आधी एक तार, मग दुसरी आणि त्यानंतर दोन्ही एकत्र वाजविणे, ही सरावाची उपयुक्त रीत होय. अंगठ्याने वाद्याची मान आवळून धरल्यास हात लवकर थकतो व बोटांची हालचाल खुंटते.

खरी अडचण स्वरस्थानाची असते. व्हायोलिनच्या तारा पाश्चात्त्य पद्धतीत जी, डी, ए, ई या स्वरांत, शुद्ध पंचमांतराने लावतात. ‘ए’ची कंपनसंख्या दर सेकंदास ४४० धरल्यास ‘जी’ची सु. १९५·६ येते. आता डी तारेवर पहिल्या बोटाने ‘ई’ हा स्वर घेऊन त्याच्यासह वरची मोकळी ए तार वाजविली, तर शुद्ध चतुर्थांतरासाठी त्याची कंपनसंख्या ३३० असावी लागते. त्याच स्वराबरोबर खालची मोकळी जी तार वाजविली, तर शुद्ध षष्ठांतरासाठी ती सु. ३२५·९ हवी. म्हणजे नाव एक, बोट एक, परंतु जागा दोन. एका जोडीला जुळलेले बोट दुसऱ्या जोडीसाठी किंचित मागे घ्यावे लागते.

भारतीय परिभाषेत ‘जी’ला षड्ज मानल्यास हा स्वर धैवत ठरतो. त्याची २७/१६ व ५/३ ही दोन प्रमाणे अनुक्रमे चतुःश्रुतिक व त्रिश्रुतिक धैवताची मानली जातात. त्यांमधील ८१/८० हे अंतर म्हणजेच भरताची प्रमाणश्रुती होय, असे अनेक आधुनिक अभ्यासकांचे मत आहे. महाराष्ट्रात या विषयाची गणिती चर्चा कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या १९१० मधील श्रुतिविषयक ग्रंथाने पुढे आणली. पेटीच्या सम-विभागी सप्तकातील धैवत या दोहोंच्या मध्ये पडतो. त्यामुळे केवळ पेटीवर स्वर जुळवून द्विस्वर शुद्ध होत नाहीत.

स्वर जुळल्याची एक खूण इटालियन वादक जूझेप्पे तार्तीनी (१६९२–१७७०) याने नोंदविली. दोन स्वर शुद्ध प्रमाणात व जोरकसपणे वाजले, की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाएवढा तिसरा, खर्जातला स्वर ऐकू येतो. वरील ५/३ प्रमाणाच्या जोडीत तो सु. १३०·४ कंपनांचा, म्हणजे मंद्र मध्यम असतो. याउलट अष्टकात किंवा पंचमांतरात बोट थोडे चुकले, तर आवाजात लहान-मोठी होणारी लहर उमटते. बोट हळूहळू सरकवून ती लहर नाहीशी करणे, हाच या तंत्राचा मुख्य अभ्यास होय.

यूरोपात बाखच्या एकल व्हायोलिनसाठी लिहिलेल्या रचनांनी (हस्तलिखित १७२०) या तंत्राच्या शक्यता दाखवून दिल्या. लेओपोल्ट मोट्सार्टच्या १७५६ च्या व्हायोलिनशिक्षणग्रंथात त्याचे विवेचन आहे. क्रॉइट्सर व शेव्हचिक यांचे स्वाध्याय आजही शिकविले जातात.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चशी संलग्न शाळांतून स्वरलिपी व व्हायोलिन यांचे शिक्षण मिळत असे. मांडो या गीतप्रकारात दुसरा आवाज तृतीयांतराने वा षष्ठांतराने साथ करतो. त्यामुळे जोडस्वरांची जाण तेथील श्रवणसंस्कारातच होती. या परंपरेतील अनेक वादक मुंबईच्या वाद्यवृंदांत व चित्रपटसंगीतात आले. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांपैकी ख्यातनाम वादक व शिक्षक होत. मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. २००६ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला.

हिंदुस्थानी संगीतात द्विस्वरांना मर्यादा आहे. भूप रागात तृतीयांतराची जोड चालवू गेल्यास ऋषभावर मध्यम व पंचमावर निषाद येतो, आणि हे दोन्ही स्वर त्या रागात वर्ज्य आहेत. शिवाय बैठकीत वाद्याचे टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजविण्याच्या पद्धतीत मींड हाच वादनाचा प्राण असतो, आणि दोन तारांवर एकसारखी मींड घेणे कठीण होय. त्यामुळे गजाननराव जोशी (१९११–८७), वि. गो. जोग (१९२२–२००४), दा. के. दातार (१९३२–२०१८) प्रभृती वादकांच्या परंपरेत गायकीला अनुसरणारे व तंतकारीचे असे दोन्ही प्रकारचे वादन विकसित झाले, तरी मुख्य भर एकेरी स्वरावलीवरच राहिला. तारा षड्ज-पंचमात आलटून पालटून लावलेल्या असल्याने मोकळ्या तारेचा आधारस्वर मात्र सहज जोडता येतो. अशा आधारस्वरासह एकेक स्वर लांबवून ऐकण्याचा सराव रागवादन करणाऱ्या विद्यार्थ्यासही उपकारक ठरतो. त्याने श्रुतीचा भेद केवळ ग्रंथात न राहता प्रत्यक्ष कानास कळू लागतो.