साष्टीच्या म्हाताऱ्याचे उत्तर

लेणी कुणी कोरली, असे महाराष्ट्रात कुठेही विचारा, उत्तर ठरलेले असते : पांडवांनी, एका रात्रीत, कोंबडा आरवायच्या आत. कान्हेरीबद्दल हाच प्रश्न सोळाव्या शतकात एका पोर्तुगीजाने साष्टी बेटावरच्या एका म्हाताऱ्याला विचारला. म्हाताऱ्याने पांडवांचे नाव काढले नाही. तो म्हणाला, हे काम संत जोसाफतच्या बापाने करवून घेतले. मुलाला जगापासून लपवून वाढवायचे होते म्हणून.

विचारणारा होता इतिहासकार दियोगो दो कौतो. ही हकिकत त्याच्या ग्रंथाच्या पाचव्या ‘दशका’त आहे, तो 1612 साली लिस्बनला छापला गेला.

आता हा जोसाफत कोण? मध्ययुगीन युरोपचा मोठा लाडका संत. हिंदुस्थानातल्या एका राजाला मुलगा होतो. हा राज्य सोडून विरक्त होणार, असे भाकीत होते. बाप त्याला महालात कोंडतो, दुःख नजरेला पडू देत नाही. तरी एके दिवशी त्याला रोग, म्हातारपण आणि मरण यांची ओळख होतेच. मग बार्लाम नावाचा तपस्वी भेटतो, राजपुत्र ख्रिस्ती होतो आणि अखेर राज्यत्याग करतो. बार्लाम वगळला तर ही गोष्ट आपल्या चांगलीच ओळखीची आहे.

नावाचा प्रवास तर गोष्टीहूनही मजेदार. ‘बोधिसत्त्व’ पश्चिमेकडे जाता जाता अरबीत ‘बुदासफ’ झाला. अरबी लिपीत शब्दारंभीच्या ‘ब’ला खाली एक नुक्ता असतो, ‘य’ला दोन. एक नुक्ता वाढला आणि ‘युदासफ’ तयार! जॉर्जियातल्या ख्रिस्ती भिक्षूंनी त्याला संत केले, ग्रीकमध्ये तो ‘योआसफ’ झाला, लॅटिनमध्ये ‘जोसाफत’. अर्मेनियन भाषेतही ही कथा नांदली. रोमन चर्चच्या संतसूचीत 27 नोव्हेंबर हा त्याचा दिवस ठरला. 1571 साली तर व्हेनिसच्या अधिपतीने पोर्तुगालच्या राजाला या संताची अस्थी म्हणून एक हाड भेट दिले. कुणाचे हाड होते, देव जाणे.

कौतोला मात्र संशय आला होता. पूर्वेकडचे लोक ज्याच्या गोष्टी सांगतात तो ‘बुदाव’ आणि हा जोसाफत एकच असावेत, असे त्याने लिहून ठेवले. युरोपातल्या पंडितांनी ते सिद्ध करायला 1859-60 साल उजाडले.

पण म्हाताऱ्याला हे कुठून कळले? बौद्ध आठवण पाचशे वर्षे गावात टिकली, असे मानायचा मोह होतो. मला ते पटत नाही. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, कान्हेरीत भिक्षू होते आणि त्यांना दाने मिळत होती. 1009 आणि 1021 साली येऊन गेलेल्या पारशांनी पहलवी लिपीत आपली नावे इथे कोरली आहेत. त्यानंतर डोंगर हळूहळू मुका होत गेला. 1534 पासून साष्टी पोर्तुगीजांकडे होती, फ्रान्सिस्कन पाद्री गावोगाव फिरत होते. म्हाताऱ्याने ही गोष्ट एखाद्या प्रवचनातच ऐकली असणार. म्हणजे बुद्धाची कथा बगदाद, जॉर्जिया, ग्रीस, लिस्बन करीत बुद्धाच्याच डोंगरापाशी परत आली, आणि तिला घरातले कुणी ओळखेना!

त्यात एक गंमत अशी की लेण्यांतल्या मूर्ती कुणाच्या, याबाबत म्हातारा पांडववाल्यांपेक्षा सत्याच्या जास्त जवळ होता. चुकला तो बांधणाऱ्याबाबत. शुद्धोदनाने इथे काहीही कोरले नाही. आणि ज्यांनी कोरवले त्यांची नावे प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच होती, ब्राह्मी अक्षरांत. ती लिपी उलगडायला 1837 साल यावे लागले. मग दगड बोलला, तेव्हा त्यातून राजपुत्र निघाला नाही. कल्याणचा सोनार सामिदत्त निघाला, चेमुल म्हणजे चौलचा सुलसदत्त निघाला. दोघांनीही दान दिले होते ते पाण्याच्या ‘पोढी’चे, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्याचे.