द्रवातील ऋण दाब

‘ऋण दाब’ हा शब्दप्रयोग प्रथमदर्शनी वदतोव्याघातासारखा वाटतो. दाबणे या क्रियेशी निगडित असलेल्या संज्ञेस ऋण चिन्ह जोडले की तिचा अर्थ ओढणे असा होतो. आणि द्रवाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे. वातावरणाहून कमी असलेल्या कोणत्याही दाबास हे नाव सर्रास दिले जाते, परंतु तो शिथिल प्रयोग होय. येथे विवक्षित आहे तो निरपेक्ष शून्याखालील दाब. वायूस तो असंभवनीय, कारण वायूचे रेणू परस्परांस धरून नसतात. द्रवाचे रेणू मात्र धरून असतात, म्हणून द्रव ताण सहन करू शकतो.

फ्रेंच रसायनज्ञ बर्थेलो याने १८५० मध्ये हे एका साध्या प्रयोगाने दाखविले. जाड काचेची नळी पाण्याने जवळजवळ भरून त्याने ती बंद केली व पाणी प्रसरण पावून नळी पूर्ण भरेपर्यंत तापविली. निवताना पाण्याने आकुंचन पावावयास हवे होते. ते काचेस चिकटून ताणलेल्या स्थितीतच राहिले. हा ताण सुमारे ५० वातावरणांइतका होता. पुढे एकाएकी बुडबुडा प्रकट होई आणि ताण नाहीसा होई.

ही अवस्था अर्थातच खऱ्या अर्थाने स्थिर नव्हे. बुडबुडा विशिष्ट आकारापेक्षा लहान असेल तर पृष्ठताण त्यास मिटवितो. त्याहून मोठा झाला की तो वाढतच जातो. भिंतीच्या सूक्ष्म भेगेत अडकलेली हवा ही वाट सोपी करते. त्यामुळे प्रयोगांतून हाती येणारा आकडा पुष्कळदा पाण्याच्या बळाचा नसून भांड्याच्या अस्वच्छतेचा असतो, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. ब्रिग्ज याने १९५० मध्ये केशनळी वेगाने फिरवून १०° सेल्सियसला उणे २७७ बार गाठले; शून्य अंशाजवळ मात्र हीच मर्यादा एकदम ढासळली. १९९१ मध्ये स्फटिकातील सूक्ष्म जलकोशांत सुमारे उणे १,४०० बारपर्यंत पाणी टिकल्याचे आढळले. अन्य बहुतेक पद्धती ३०० च्या आसपास किंवा त्याआधीच थांबतात, आणि या तफावतीचा उलगडा अद्याप सर्वमान्य झालेला नाही.

ताणलेल्या पाण्याचे गुणधर्मही बदलतात. घनता घटते, आणि महत्तम घनतेचे तापमान परिचित ४ अंशांवरून वर सरकते. बर्फाचा वितळबिंदूही वाढतो. दाबाने तो उतरतो हे ध्यानी घेतल्यास यात नवल नाही.

निसर्गात हा ताण वृक्षांत नित्य नांदतो. वातावरणाचा दाब पाण्यास सुमारे १०.३ मीटरच उचलू शकतो, तर कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्ष ११५ मीटरांपलीकडे जातात. पानांतील बाष्पीभवन वाहिन्यांतील अखंड जलस्तंभ वर ओढते, हा सिद्धान्त डिक्सन व जोली यांनी १८९४ च्या सुमारास मांडला. त्यावर दीर्घकाळ शंका घेण्यात आली. १९६५ मध्ये शोलँडर व त्याचे सहकारी यांनी तोडलेली फांदी दाबपात्रात ठेवून रस पुन्हा कापल्या टोकाशी येण्यास लागणारा दाब मोजला. खारफुटीत तो समुद्रजलाच्या सुमारे २४ वातावरणांच्या परासरण दाबाहून अधिक निघाला. तसा नसता तर ती झाडे त्या पाण्यातून गोडे पाणी ओढूच शकली नसती.

अवर्षणात ताण वाढत जातो आणि वाहिनीतील स्तंभ तुटतो. तुटलेली वाहिनी वायूने भरून निकामी होते. मिलबर्न व जॉन्सन यांनी १९६६ मध्ये सुकत चाललेल्या एरंडाच्या पानावर संवेदनशील उपकरण लावून हे तुटणे एकेका टिचकीच्या रूपाने नोंदविले.