लग्नानंतरचे नाव : कायदा गप्प, अर्ज बोलका

(लेखमाला : नाव आणि नोंद, भाग ६)

लग्न झाल्यावर बाईने नवऱ्याचे नाव आणि आडनाव लावलेच पाहिजे, असे सांगणारे एकही कलम भारताच्या कायद्यात नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ते नाही, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात नाही आणि महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यातही नाही. विवाह नोंदणीचा दाखला लग्न झाल्याचा पुरावा असतो, त्याने कुणाचे नाव आपोआप बदलत नाही. आधार, पॅन, पासपोर्ट, बँकेचे खाते यांतले नाव बदलायचे तर जागोजागी वेगळा अर्ज द्यावा लागतो. कायद्याच्या हिशेबाने पाहिले तर नाव आहे तसे राहण्यासाठी काहीच करावे लागू नये आणि खटाटोप पडावा तो बदलणारीला. प्रत्यक्षात घडते उलटे. नाव बदलणारीला कुणी कारण विचारत नाही, न बदलणारीला मात्र सासरी, शाळेत, बँकेत, दवाखान्यात खुलासे देत राहावे लागते. या आठवड्याचा प्रश्न एवढाच आहे : कायद्याने सक्ती केलेली नसताना जवळजवळ सगळ्या बायका एकाच वाटेने का जातात? माझे उत्तर असे की रूढीची ओढ एकाच बाजूला असते तेव्हा गप्प बसणारा कायदा त्या ओढीलाच हातभार लावतो. नाव टिकवण्याची मुभा असणे पुरेसे नाही. नाव टिकणे हीच मूळ स्थिती मानली गेली पाहिजे आणि सरकारी कागदांनी तसे वागले पाहिजे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा जपानमध्ये सापडतो. तिथल्या नागरी संहितेचे कलम ७५० म्हणते की नवरा-बायकोचे आडनाव एकच असले पाहिजे, मात्र ते नवऱ्याचे असावे की बायकोचे, हे लग्नाच्या वेळी दोघांनी ठरवावे. शब्दांत कुठेही पक्षपात नाही. तरीही सुमारे ९५ टक्के जोडपी नवऱ्याचेच आडनाव घेतात. ही तिथली पुरातन परंपरा आहे असेही म्हणता येत नाही, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जपानमध्ये सामान्य माणसाला आडनाव लावणे सक्तीचे झाले ते १८७५ साली. त्यानंतर वर्षभरात, १८७६ साली, तिथल्या सरकारने हुकूम काढला की लग्न झालेल्या बाईने माहेरचेच आडनाव चालू ठेवावे. बाईला नवऱ्याच्या घराण्याचे आडनाव आले ते १८९८ च्या संहितेने. त्या संहितेत कुटुंबप्रमुख पुरुषाच्या हाती सगळे अधिकार होते आणि सून त्या घराण्यात 'दाखल' होत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, ती घराणेपद्धत कायद्यातून गेली. कलमाची भाषा समतेची झाली. वागणूक मात्र १८९८ चीच राहिली, कारण नव्या कायद्याने दोघांपुढे एक मोकळा रकाना ठेवला आणि तो कसा भरायचा हे आधीच्या पन्नास वर्षांनी ठरवून ठेवले होते.

२०१५ साली हे प्रकरण जपानच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. पंधरा न्यायमूर्तींपैकी दहांनी कलम घटनेशी सुसंगत ठरवले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की निवड दोघांवर सोपवलेली आहे, त्यामुळे कलमात भेदभाव नाही. पाच जणांनी ते घटनाबाह्य ठरवले आणि त्या पाचांत न्यायालयातल्या तिन्ही स्त्री न्यायमूर्ती होत्या. त्यांचा मुद्दा साधा आणि बिनतोड होता : इतकी प्रचंड संख्या जेव्हा एकाच बाजूला झुकते, तेव्हा त्यामागे बाईची समाजातली आणि घरातली कमकुवत जागा असते, आणि अशा संमतीला मोकळी निवड म्हणता येत नाही. २०२१ साली न्यायालयाने पुन्हा जुनाच निर्णय कायम ठेवला. पण २०२४ साली जपानच्या बड्या उद्योगांच्या महासंघाने, केइदानरेनने, वेगवेगळी आडनावे ठेवण्याची मुभा द्यावी अशी मागणी सरकारकडे केली. कामाच्या ठिकाणी माहेरचे आडनाव आणि सरकारी कागदांवर सासरचे, अशी दोन नावे सांभाळणाऱ्या अधिकारी स्त्रियांची परदेशात ओळख पटवताना अडचण होते, हे त्यांनी दिलेले कारण. स्त्रीमुक्तीच्या चळवळीशी ज्यांचा फारसा संबंध नाही, अशा मंडळींनाही दोन नावांचा जाच दिसू लागला आहे.

जर्मनीचा अनुभव याला पूरक आहे. १९७६ च्या सुधारणेने तिथे जोडप्याला दोघांपैकी कुणाचेही आडनाव निवडता येऊ लागले, पण एकमत झाले नाही तर नवऱ्याचे आडनाव लागू होईल अशी तळटीप होती. जोवर वाद झाल्यास आपलाच विजय ठरलेला आहे, तोवर नवऱ्याला वाद मिटवण्याची गरजच काय? १९९१ साली तिथल्या घटना न्यायालयाने ही तरतूद रद्द केली आणि त्यानंतर एकमत नसल्यास ज्याचे नाव त्याच्याकडे राहू लागले. एवढ्या छोट्या कलमात कोणाचे वजन किती, हे ठरत होते.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातली पद्धत एका अर्थाने जपानपेक्षा कडक आहे, कारण इथे आडनावासोबत मधले नावही बदलते, वडिलांच्या जागी नवरा येतो, आणि कित्येक घरांत लग्नातच ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे पहिले नावही लिहिले जाते. कल्याणच्या जोशांची यमुना लग्नानंतर गोपाळराव जोशांची आनंदी झाली. आडनाव दोन्हीकडे जोशीच होते, म्हणजे आडनावासाठी बदल करण्याचे काही कारणच नव्हते, तरी मुलीचे स्वतःचे नाव गेले. पुढे डॉक्टर म्हणून जग तिला ओळखते ते आनंदीबाई याच नावाने. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच, कुर्लेकरांच्या. पहिले नाव बदलण्याची चाल आता बरीच कमी झाली आहे. मधले नाव आणि आडनाव बदलण्याची चाल मात्र जागची हललेली नाही, आणि त्याला घरच्या वडीलधाऱ्यांइतकीच आपली छापील कागदपत्रे जबाबदार आहेत. अर्जावर 'वडिलांचे/पतीचे नाव' असा रकाना असतो. त्यातली तिरपी रेघ बाईसाठी असते. लग्न झालेल्या पुरुषाला तिथे 'पत्नीचे नाव' लिहायचा प्रसंग येत नाही. काउंटरपलीकडचा कारकून 'विवाहित' या शब्दावर खूण दिसली की पतीचे नाव गृहीत धरतो, आणि पदवी, पॅन माहेरच्या नावावर असतील तर 'गॅझेट काढलंय का?' असे विचारतो. जिने नाव बदललेलेच नाही, तिने राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात कशाला द्यायची, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही, कारण त्याच्या समोरचा अर्जच तो येऊ देत नाही.

यावर एक नेहमीचा आक्षेप येतो की जगण्यामरण्याचे एवढे प्रश्न समोर असताना नावाचा बाऊ कशाला? त्याचे उत्तर तलाठी कार्यालयात आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मजात वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, तीही तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरती. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्न झालेल्या मुलींनाही तो हक्क मिळाला. वडील वारल्यावर वारसनोंद होते, फेरफार निघतो आणि मुलीचे नाव सातबाऱ्यावर चढायचे असते. गावाला, भावांना आणि जुन्या दप्तराला ती ठाऊक असते वडिलांच्या नावाने. तिच्या आधार कार्डावर असते नवऱ्याचे नाव आणि वेगळेच आडनाव, कधी पहिले नावही निराळे. मग दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे, असे प्रतिज्ञापत्र करा, शाळा सोडल्याचा दाखला शोधा, लग्नाचा पुरावा जोडा. लग्न तीस वर्षांपूर्वीचे आणि नोंद न केलेले असेल तर तो पुरावाही नसतो. भावाला यातले काही करावे लागत नाही, त्याचे नाव पाळण्यापासून सातबाऱ्यापर्यंत एकच असते. 'जाऊ दे, हक्कसोड करून टाकते' असे बहिणीने म्हणण्यामागे माया असते, दबाव असतो, आणि ही दगदगही असते. कायद्याने दिलेला वाटा नावाच्या तफावतीत अडकतो, तेव्हा नाव हा किरकोळ विषय राहत नाही. कामाच्या नोंदींचेही तेच. विजया मेहतांचे रंगभूमीवरचे काम पाहू जाणाऱ्या अभ्यासकाला विजया जयवंत, विजया खोटे आणि विजया मेहता अशा तीन नावांखाली एकाच व्यक्तीचा माग काढावा लागतो. त्यांची कीर्ती एवढी मोठी की दुवे जुळतात. एखाद्या शिक्षिकेच्या, परिचारिकेच्या, संशोधिकेच्या नोंदीचे दुवे जोडायला कुणी बसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. माहेरचे आडनाव तरी कुणाचे? वडिलांचेच ना? मग एका पुरुषाचे टाकून दुसऱ्याचे घेतले तर बिघडले कुठे? यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. मुलाचे आडनावही वडिलांचेच असते आणि वडिलांचे त्यांच्या वडिलांचे, तरी कोणत्याही पुरुषाला आपण म्हणत नाही की हे नाव तुझे नाहीच, तेव्हा सोडून दे. आडनाव कुठून आले यापेक्षा ते कुणी वापरले, यावर ते त्याचे होते. पंचवीस-तीस वर्षे जिने त्या नावाने हजेरी दिली, परीक्षा दिल्या, पहिला पगार घेतला, तिचे ते झालेले असते. मात्र हा आक्षेप घेणाऱ्यांचे एक म्हणणे मला मान्य आहे : माहेरचे आडनाव टिकले म्हणजे समता आली, असे होत नाही. कोरियात बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत आणि ही चाल जुनी आहे. तरीही कुटुंबाची नोंद पुरुष प्रमुखाच्या नावाखाली करण्याची पद्धत दक्षिण कोरियात २००८ पर्यंत चालली. तिथल्या घटना न्यायालयाने ती २००५ साली घटनेशी विसंगत ठरवली, तेव्हा कुठे ती गेली. बाईचे आडनाव वेगळे राहत होते, कारण नवऱ्याच्या वंशात ती बाहेरचीच मानली जाई. म्हणून मी नाव टिकवण्याला समतेचा पुरावा म्हणत नाही. नोंदीतला अन्याय थांबण्याची ती एक अट आहे, एवढेच माझे म्हणणे.

कुटुंबाची एकी मोडेल ही भीतीही मनापासूनची असते, तिची टर उडवू नये. पण ती तपासून पाहता येते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९८१ पासून नवरा-बायको दोघांनीही जन्मनावानेच कायदेशीर व्यवहार करायचे असतात. ग्रीसने १९८३ साली तसेच केले. स्पेनमध्ये तर बाई लग्नात आडनाव बदलतच नाही आणि मुलांना आईवडील दोघांची आडनावे मिळतात. या तिन्ही ठिकाणी घरे चालतात, मुले वाढतात, भांडणे होतात आणि मिटतातही. क्वेबेकची सक्ती आपल्याकडे आणावी असे मात्र मला वाटत नाही. ज्या बाईला आवडीने, प्रेमाने नवऱ्याचे आडनाव लावायचे आहे, तिला शासनाने अडवणे मला पटत नाही. फक्त तिची आवड खरोखर मोकळी आहे की नाही, हे दुसरी वाट तेवढीच सोपी असल्याशिवाय कळायचे नाही. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राने २०२३ साली केलेल्या पाहणीत, पुरुषाशी लग्न केलेल्या ७९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याचे आडनाव घेतल्याचे सांगितले, पत्नीचे घेणारे पुरुष ५ टक्के निघाले. हा प्रश्न निव्वळ प्रेमाचा असता तर पुरुषांचे प्रेम इतके कमी आहे असे मानावे लागेल, आणि ते कुणीच मानणार नाही.

आपल्या सरकारांची पावले या बाबतीत पुढेही पडली आणि मागेही. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव येईल. तो स्वागतार्हच आहे. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीसाठी तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही चालत आलेली पद्धत कायम ठेवली, आणि मालमत्तेच्या कागदांवर विवाहापूर्वीचे नाव लावण्याची फक्त मुभा दिली. आईला मुलाच्या नावात जागा मिळाली, तिच्या स्वतःच्या नावात मात्र नवऱ्याची जागा राखीव राहिली. त्याआधी केंद्राच्या प्रकाशन विभागाने, सासरचे नाव सोडून माहेरच्या नावाकडे परत यायचे असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा नवऱ्याचे ना-हरकत पत्र जोडावे, अशी अट घातली. तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. स्वतःचे जन्मनाव परत घ्यायला नवऱ्याची हरकत नाही ना, हे विचारणारे शासन तटस्थ आहे असे कोण म्हणेल?

करायचे आहे ते फार मोठे नाही. प्रत्येक अर्जात अर्जदाराचे पूर्ण नाव जन्मदाखल्याप्रमाणे धरावे आणि बदल झाला असेल तरच पुरावा मागावा. बदललेला नसेल तर काहीच मागू नये. 'वडिलांचे/पतीचे नाव' हा रकाना काढून 'आईचे नाव', 'वडिलांचे नाव' आणि, खरोखर गरज असेल तिथे, 'जोडीदाराचे नाव' असे वेगळे रकाने बाई-पुरुष दोघांसाठी ठेवावेत. वारसनोंदीच्या वेळी मुलीचे जन्मनाव आधी आणि लग्नानंतरचे घेतले असल्यास तेही शेजारी लिहावे, म्हणजे प्रतिज्ञापत्रांची पायपीट वाचेल. जन्मनावाकडे परत येण्यासाठी तिची स्वतःची सही पुरेशी मानावी. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदाही लागत नाही, शासन निर्णय आणि परिपत्रक पुरते. मुलांचे आडनाव कुणाचे असावे हा यातूनच निघणारा आणि याहून अवघड प्रश्न, स्पेनने तो कसा सोडवला यासह, पुढच्या भागात.